तुम्हा सगळ्यांना काढायला आलेय

कोरमंगलाच्या ऑफिसात माझं काम सोपं आहे. पांढऱ्या कागदावर वस्तू ठेवायची, दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे आणि फोटो काढायचा. चपला, चिवड्याची पाकिटं, केसांचं तेल. वस्तू हलत नाहीत आणि 'मी जाड दिसतेय का' असं विचारत नाहीत, म्हणून मला हे काम आवडतं. माणसांचे फोटो काढायचे म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागतं, आणि तिथं माझं सगळं अडतं. शाळेत इंग्लिशमध्ये, घरी मराठीत, रस्त्यावर कन्नडमध्ये आणि ऑफिसात हिंदीत, अशी चार भाषांमध्ये गप्प राहायला मी शिकले आहे.

एका सकाळी आमच्या शेजारच्या टीममधल्या सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावून घरी पाठवलं. कंपनीला खर्च कमी करायचा होता. त्या दुपारी कँटीनमध्ये नेहमीसारखा लेमन राइस होता, आणि कोणी काही बोललं नाही. मीही नाही. त्यांच्या रिकाम्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी मीटिंगसाठी वापरात आल्या. त्याच आठवड्यात कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या बायकांचं धरणं आहे असं कुठंतरी वाचलं, आणि असं झाल्यावर जी माणसं बोलतात ती दिसतात कशी, हे बघायला मी शनिवारी फ्रीडम पार्कला गेले.

आमच्या शहरात ओरडायचं असेल तर तिथंच जाऊन ओरडावं लागतं. पूर्वी तो तुरुंग होता. मी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभी राहिले आणि लांबची लेन्स लावली. मग जातच राहिले. घरोघरी जेवण पोचवणारी मुलं, बसचे कंडक्टर, एकदा तर चक्क आयटीतले लोक, सगळ्यांनी मास्क लावलेले. माझ्या फोटोंत पाठी होत्या, वर गेलेले हात होते, मांडवाबाहेर काढून ठेवलेल्या चपला होत्या. ते मी माझं नाव न देता इंटरनेटवर टाकायचे. कधीमधी एक छोटं ऑनलाइन वर्तमानपत्र त्यातला एखादा घ्यायचं. ही माझी शैली आहे असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर ते रस्त्याचं अंतर होतं.

आमच्या बसवनगुडीच्या गल्लीत एक बाई राहते. तिचं घराणंही आमच्यासारखंच, पिढ्यान् पिढ्या या गावात राहिलेलं मराठी, जिथं मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं असतं आणि ते कोणाला जाणवतही नाही. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. गल्लीच्या टोकाला सरकारी कन्नड शाळा आहे. तिथल्या मुलांचं दुपारचं गरम जेवण अक्का रांधते. लहानपणी मी त्या शाळेवरून रोज व्हॅनमधून जायचे, इंग्लिश शाळेत. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

एका संध्याकाळी अक्का विरजण मागायला आली आणि वाटी हातात धरून दारातच उभी राहिली.

"शाळेतली चूल बंद करणार म्हणे," ती आईला म्हणाली. "तिकडं लांब येलहंकेकडे मोठं स्वयंपाकघर बांधलंय, मशीनचं. तिथून गाडीनं डबे येणार. खर्च वाचतो."

"आणि तुम्ही?"

"आम्हालाच तर वाचवायचंय ना खर्चातून," अक्का हसली, पण हसू लगेच ओसरलं. "सगळ्या शाळांतल्या बायकांना काढणार. अय्यो, मला पुन्हा लोकांच्या घरी स्वयंपाकाला जायचं नाही. बेल वाजवली की आतून आवाज यायचा, 'कुक बंदळु.' कुक आली. एवढी वर्षं जाऊन त्या बाईला माझं नाव ठाऊक नव्हतं. शाळेत पोरं अंगावर येऊन विचारतात, अक्का, आज काय? ते सोडून परत त्या बेलपाशी जाऊन उभी राहू होय?"

आईनं विरजण घातलं आणि वर न बघता म्हणाली, "आमच्या पुट्टीला सांग की. ती धरण्यांचे फोटो काढते."

पुट्टी म्हणजे छकुली, म्हणजे मी. आईनं तिला माझे फोटो मोबाइलवर दाखवले. मी आतल्या खोलीत, दार अर्धवट लोटून. अक्का एकेक फोटो बघत होती, बराच वेळ. मग तिचा आवाज आला.

"छान आहेत. पण ही सगळी माणसं निघाली कुठं? एकालाही तोंड नाही." आणि मग मोठ्यानं, दाराकडे बघून, "पुट्टी, ऐकतीस ना? सोमवारी आमचं धरणं आहे. ये. लांब उभी राहू नको, पुढं येऊन काढ."

अक्काला नाही म्हणणं गल्लीत कोणाला जमत नाही. मी फक्त "सरी" म्हणाले, म्हणजे बरं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची सुटी घेतली. लांबची लेन्स मुद्दाम घरी ठेवली, कारण ती बरोबर असती तर मी पुन्हा झाडाखाली गेले असते, हे मला ठाऊक होतं. मेट्रोत नॅशनल कॉलेज स्टेशनपासून मॅजेस्टिकपर्यंत मी एकच कन्नड वाक्य मनात घोकत होते. मी तुम्हा सगळ्यांचे फोटो काढायला आले आहे, जरा इकडे बघा. एवढंच. दुपारी ऑफिसला जायचं होतं म्हणून गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र होतं. ते काढायचं सुचलं नाही.

मांडवाखाली शहरभरच्या शाळांतल्या बायका बसल्या होत्या. मला वाटलं होतं की कामाच्या साड्या असतील, थकलेले चेहरे असतील. तिथं तर एखाद्या लग्नाची पंगत बसावी तसं होतं. ठेवणीतल्या साड्या, केसांत मल्लिगे म्हणजे मोगऱ्याचे गजरे, कोणाच्या हातात नव्या बांगड्या. फाटकावरची पोलिसबाई एकीला विचारत होती, "एनम्मा, लग्न कुणाचं?" आणि ती म्हणाली, "सायबांचं. आम्ही वरातीला."

पण मी कॅमेरा बाहेर काढताच पदर वर गेले. रांगेमागून रांग, चेहऱ्यांवर पदर. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण आदल्या आठवड्यात खात्याचे एक साहेब शाळाशाळांतून फिरून सांगून गेले होते की जिचा चेहरा पेपरात दिसेल तिला सगळ्यात आधी घरी पाठवू. साड्या फोटोसाठी नेसायच्या, आणि फोटोवाला आला की तोंड झाकायचं, अशी त्यांची दोन्हीकडून पंचाईत झाली होती.

अक्का कुठं दिसेना. मी पहिल्या रांगेसमोर उभी राहिले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे पदराआडून. माझे कान तापले. आणि मी माझं घोकलेलं वाक्य म्हटलं, एका श्वासात, कन्नडमध्ये, चांगलं मोठ्यानं:

"नानु निम्मेल्लरन्नू तेगेयोके बंदिद्दीनि. स्वल्प ई कडे नोडी."

ज्यांना कन्नड येत नाही त्यांना यात काय बिघडलं ते सांगायला हवं, आणि मराठीत ते सांगणं सोपं आहे, कारण आपलीही भानगड तीच आहे. आपण फोटो काढतो आणि माणसालाही कामावरून काढतो. कन्नडमध्येही दोन्हीला एकच क्रियापद आहे, तेगे. मी घाबरून मधला 'फोटो' हा शब्द गिळला होता. उरलं ते असं: मी तुम्हा सगळ्यांना काढायला आले आहे. जरा इकडे बघा.

पहिल्या रांगेतले पदर आणखी घट्ट झाले.

मग पहिल्या रांगेतली एक उंच बाई उठली. ती शिवाजीनगरच्या एका शाळेत स्वयंपाक करायची हे मला नंतर कळलं. ती दखनी बोलायची, आणि तिच्या भाषेतही निकालना तो निकालनाच.

"या अल्ला! निकालने कू भी अब छोकरी भेजे! कार्ड भी लटकाई देखो। और बोलती क्या, इधर देखो!"

मागून गलका झाला. कोणीतरी माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा धरला. "कुठल्या खात्याची?" "नाव काय हिचं?" "कागद दाखव!" मी तोंड उघडलं तर चारही भाषांतून एकही शब्द बाहेर येईना. ओळखपत्रावर आमच्या कंपनीचं बोधचिन्ह होतं, एक पान आणि एक थेंब. ते बघून एक बाई म्हणाली, "पाणी खात्याची आहे वाटतं." पाणी खात्याचा आमच्या स्वयंपाकाशी काय संबंध, यावर मागे वेगळंच भांडण सुरू झालं.

एवढ्यात मांडवाच्या टोकाकडून पाण्याचा कॅन तसाच सोडून अक्का धावत आली.

"अय्यो, अय्यो, सोडा तिला! आमच्या गल्लीतली पोर आहे! फोटो! फोटो तेगेयोके आलीय ती! 'फोटो' गिळून बसली!"

माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा सुटला. उंच बाई माझ्या कॅमेऱ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"इत्ता बड़ा कैमरा ले को आई," ती हळूच म्हणाली, "और फोटो बोलने कू नक्को?"

'नक्को' हा तर आपलाच शब्द. तो ऐकून मला हसू आलं. मग ती हसली. मग पहिली रांग. मागच्यांना काय झालं ते कळेना, म्हणून ते तमिळमध्ये सांगितलं गेलं, त्याच्याही मागे तेलुगूत, आणि हसू भाषांतर होत होत मागच्या खांबापर्यंत गेलं. तिथली एक म्हातारी तर डोळे पुसत होती.

उंच बाई खाली बसली. तिनं पदर चेहऱ्यावरून काढला, खांद्यावर नीट चापून बसवला, गजरा पुढं ओढला.

"निकाल," ती म्हणाली.

"नाव... म्हणजे चेहरा दिसेल," मी कन्नडमध्ये पुटपुटले. "तुम्ही तो झाकला होता ना..."

"मालूम है। इसलिएच तो। हमारेकू निकालना है तो मुँह देख को निकालो। पीठ देख को कोई भी निकालता।"

अक्कानं तिच्या शेजारी बसकण मारली आणि पदर काढला. मग तिसरीनं. काही जणींनी नाही काढला, त्याही तिथंच बसून राहिल्या. आणि मागून कोणीतरी, मला अजून माहीत नाही कोण, एकदम ओरडलं, "फोटो तेगीरी!"

दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, "नम्मन्न तेगीबेडी!"

फोटो काढा, आम्हाला काढू नका. सकाळपासून माइकवर 'बेके बेकु, न्याय बेकु', म्हणजे हवाच हवा, न्याय हवा, असं चाललं होतं, जे फ्रीडम पार्कमध्ये सगळेच म्हणतात. हे मात्र दुसऱ्या कोणाचंच नव्हतं. स्वयंपाकिणींच्या संघटनेच्या मॅडमनी माइक उचलला, पहिली ओळ घेतली, आणि दुसरी ओळ मांडवानं इतक्या जोरात दिली की फाटकावरची पोलिसबाई आत येऊन बघून गेली.

मी गुडघ्यावर बसून फोटो काढत होते. एवढ्या जवळून मी माणसं कधी पाहिली नव्हती. हळदीनं पिवळी झालेली नखं. मनगटाच्या वर वाफेनं भाजल्याचा गुळगुळीत डाग, एकीच्या नाही, बहुतेकींच्या हातावर, त्याच जागी. एकीचा सोन्याचा दात, जो फक्त 'तेगीबेडी' म्हणताना दिसायचा. आणि बोलावं लागलंच नाही, कारण त्याच बोलत होत्या. "माझी डावी बाजू घे." "हे पूस, डोळे मिटलेत." "हिला आधी घे, हिला बस पकडायचीय." ऑफिसात आम्ही फोटो काढण्याला शूट म्हणतो. त्या दिवशी मला तो शब्द फार रागीट वाटला.

दुपारी ऑफिसला गेलेच नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं. आयुष्यात एवढी बरी कधीच नव्हती.

घरी येऊन मी सगळे फोटो काळे-पांढरे केले. आंदोलनाचे गंभीर फोटो काळे-पांढरे असतात, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. अक्काला दाखवले. तिनं स्वतःचा फोटो लांब धरून बघितला.

"पुट्टी, माझी साडी कुठं गेली?"

"म्हणजे?"

"जांभळी होती गं. काठ हिरवा. मुलीच्या बारशाला घेतलेली. ही राखेची कोणाची?" मग आईकडे वळून, "कोण गेलंय गं हिच्या फोटोत? सगळ्या सुतकात बसल्यागत."

आईनं तोंडाला पदर लावला. मी रंग परत आणले. जांभळा, मिरचीचा लाल, लिंबाचा पिवळा, मल्लिगेचा पांढरा. अक्का म्हणाली, "आता बघ. आता कळतं की आम्ही अजून आहोत."

पण चेहरे बाहेर टाकायचे की नाही, हा प्रश्न रंगानं सुटत नव्हता. साहेबांनी दिलेली धमकी खरी निघाली तर? माझ्या एका फोटोमुळे अक्का त्या बेलपाशी जाऊन उभी राहिली तर? झाडाखाली उभं राहून काढलेल्या फोटोंनी कोणाचं भलं झालं नव्हतं, पण वाईटही झालं नव्हतं. मी अक्काला हे विचारलं तेव्हा तिला प्रश्न कळला, पण अवघड वाटला नाही.

"एकेकीला विचार की," ती म्हणाली. "जिचं तोंड तिला विचारायचं. तुला काय माहीत, मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी मी मांडवात रांगेरांगेतून फिरले, मोबाइल घेऊन, प्रत्येकीसमोर बसून. बोलावं लागलं. ती फोटो बघायची, शेजारणीला दाखवायची, आणि सांगायची. 'सरी' म्हणाली तर ठेवायचा. 'नक्को' म्हणाली तर तिच्यासमोरच पुसायचा, आणि पुसला गेला हे तिला दाखवायचं. एका तरुण मुलीनं आधी सरी म्हटलं, मी चार पावलं पुढं गेल्यावर पळत आली, नक्को म्हणाली, आणि संध्याकाळी नवऱ्याशी बोलून फोन केला की ठेव. अजूनही मी असंच करते. कुठल्याही आंदोलनात, कितीही गर्दी असली तरी. वेळ लागतो. वर्तमानपत्रांना माझे फोटो उशिरा मिळतात आणि ते कुरकुरतात.

ते फोटो ऑनलाइन आले, थोडे लोक बोलले, एकानं 'धरण्याला एवढ्या नटून?' असं लिहिलं. त्यातून काही झालं नसतं. संघटनेच्या मॅडमनी डोकं चालवलं. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या रंगीत प्रती काढल्या, खाली ती घोषणा छापली, आणि प्रत्येक शाळेच्या गेटवर त्याच शाळेतल्या बाईचा फोटो लावला. आमच्या गल्लीच्या टोकाला अक्का लागली, जांभळ्या साडीत, तोंड उघडं, हात वर.

शाळा सुटताना मी मुद्दाम गेटसमोर उभी होते. पोरं बाहेर आली आणि फोटोला अडकली. "नम्म अक्का! नम्म अक्का!" आमची अक्का. एकीनं आपल्या आईला ओढून आणलं. घोषणा वाचता येणाऱ्या पोरांनी ती मोठ्यानं वाचली, आणि न्यायला आलेले आईबाप विचारू लागले की अक्काला काढणार म्हणजे काय? कोण काढणार? चूल बंद होतेय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दोन दिवसांनी ऑफिसला जाताना बघितलं तर गेट रिकामं. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरलेले. गेटसमोर फुलं विकणारी एक बाई, जिचा मुलगा त्याच शाळेत होता, कमरेवर हात ठेवून उभी होती. मला बघून तिनं कडक आवाजात विचारलं:

"फोटो यारु तेगेदिद्दु?"

फोटो कोणी काढला? मला वाटलं, फोटो आवडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी अनोळखी बाई माझ्या कामाची चौकशी करत होती. मी ताठ झाले आणि लाजत म्हणाले, "नानु." मी.

त्यानंतर फुलवालीनं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या शिक्षणापासून माझ्या चपलांपर्यंत काही सोडलं नाही. गरिबाच्या पोराच्या ताटातला घास तुझ्या बापाचा आहे का, असं विचारलं. बराच वेळ गेल्यावर मला समजलं की ती गेटवरून फोटो कोणी काढून टाकला असं विचारत होती. मी हातवारे करून, कॅमेरा दाखवून, कसंबसं सांगितलं की मी काढला म्हणजे... काढला. काढून नाही टाकला. ती थांबली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि एक मल्लिगेचा गजरा माझ्या हातात कोंबला.

"आणखी आहे का तो फोटो?" तिनं विचारलं. "गेट खात्याचं आहे, म्हणून काढतात. माझ्या नवऱ्याची रिक्षा आमची आहे."

संध्याकाळपर्यंत अक्का एका रिक्षाच्या पाठीवर बसून गांधी बाजारातून फिरत होती. आठवडा संपायच्या आत कितीतरी रिक्षांच्या पाठीवर कितीतरी जणी होत्या. ऑफिसमधल्या एकानं मला मोबाइल दाखवला, "हे बघ, सिग्नलला माझ्यापुढं ही आंटी होती, काय एक्स्प्रेशन आहे!" उंच बाई होती. मी म्हटलं, हो, छान आहे. आणि थोडं थांबून म्हटलं, मी काढलाय. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू टेबलावरची तेलाची बाटली बोलली.

त्याच आठवड्यात एका शाळेत गाडीचं जेवण चाचणीसाठी आलं. गाडी हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर अडकली, पोरं भुकेली बसून राहिली, आणि भात पोचला तो गोळा होऊन. हे आईबापांनीच एकमेकांना कळवलं. आता ते आपल्या अक्का, अम्मा, आपांना तोंडानं ओळखत होते.

पुढच्या सोमवारी फ्रीडम पार्कमध्ये बायकांपेक्षा आईबाप जास्त होते. फुलवाली टोपली घेऊनच आलेली. कोणी कारखान्यातून अर्धा दिवस काढून आलं होतं, कोणी कडेवर पोर घेऊन. रस्त्याच्या पलीकडे, माझ्या जुन्या झाडाखालीसुद्धा जागा नव्हती. घोषणा आता लहान मुलं देत होती, आणि त्यांच्या तोंडी ती चिडवल्यासारखी ऐकू यायची.

साहेब दुपारी आले. तेच, शाळाशाळांतून फिरलेले. आधी मॅडमबरोबर फाटकाजवळच्या खोलीत बसले. आम्ही बाहेर. अक्का माझ्या शेजारी होती. ती घोषणा देत नव्हती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

साहेब बाहेर आले, माइक घेतला, घसा साफ केला. शाळांतली स्वयंपाकघरं चालूच राहतील, म्हणाले. मग थोडं थांबून, जरा मोठ्या मनानं दिल्यासारखं: "यारन्नू तेगेयल्ला." कोणालाही काढणार नाही.

एक श्वासभर कोणालाच खरं वाटेना. तेवढ्यात उंच बाईचा आवाज आला, अगदी निरागस.

"फोटो भी नहीं, साब?"

मांडव कोसळला. म्हणजे हसण्यानं. साहेबांना आधी कळलं नाही, कोणीतरी कानात सांगितलं, आणि मग त्यांच्याही तोंडावरून काहीतरी सरकलं, हसू म्हणता येईल असं. पण लिहून मिळाल्याशिवाय कोणी उठलं नाही. सहीचा कागद मॅडमनी वर धरून दाखवला, तेव्हा अक्कानं पदर सोडला आणि माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

मग बायकांनी साहेबांना घेरलं. धरून आणलं म्हटलं तरी चालेल. मधोमध उभं केलं, दोन्ही बाजूंना जांभळं, लाल, पिवळं.

"नको, नको, फोटो कशाला," साहेब म्हणाले.

"अय्यो सार, भिता कशाला?" अक्का म्हणाली. "फोटोत दिसलं म्हणून कोणाला काढत नाहीत आता."

मी पुढं गेले, सगळ्यांसमोर उभी राहिले, आणि कन्नडमध्ये, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हटलं की मी तुमचा फोटो काढते आहे, इकडे बघा. सगळ्यांनी बघितलं. साहेबांनीही. तो फोटो दुसऱ्या दिवशी तीन वर्तमानपत्रांत आला. त्यात साहेबांना शोधावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे, लहानसं, पत्र्याचं, काळवंडलेल्या भिंतींचं. चूल पेटलेली होती. अक्का आणि तिची जोडीदारीण दोघी घामानं भिजल्या होत्या, कामाच्या साड्यांत, केस वर बांधलेले. सांबाराला फोडणी पडली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मिरचीनं. मी दारात उभी राहून कॅमेरा वर केला. लेन्सवर वाफ बसली. पुसली, पुन्हा बसली.

"पुट्टी," अक्का मागे न बघता म्हणाली, "तिथं काय खांबासारखी उभी? बाजूला हो, भात उतरवायचाय."

मी भिंतीला चिकटले. दोघींनी दोन्हीकडून फडकी धरली, पातेलं उचललं आणि माझ्या पोटाला घासून बाहेर नेलं. बाहेर घंटा झाली, पावलं धावत आली, आणि मग त्या दारात मला उभं राहायला जागाच उरली नाही.